दारूची लंका

परवा नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, पेशव्यांच्या काळी फटाके होते का हो?" इतिहासाच्या मास्तराला असे विचारले की तो थांबत नाही, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. फोन लवकर आटोपला, म्हणून उरलेले इथे लिहितो.

होते तर! भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९५३ साली भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर लिहिले. (दारू म्हणजे बंदुकीची, गैरसमज नको.) त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याची दिवाळी वर्णन करून सांगतात. तिथला राजा शहराबाहेर 'दारूची लंका' उभारतो. राक्षस, वानर, मोठा मारुती, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंका पेटवतो. पेशव्यांना हौस वाटली आणि तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी झाला.

हे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत असे. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतला एक मुलगा डोळ्याला पट्टी बांधून आला. न उडालेल्या फटाक्यांची दारू काढून त्याने घराच्या ओट्यावर 'लंका' केली होती. पेटेना, म्हणून वाकून बघायला गेला. जुन्या नाशकातली गल्ली ती, समोरासमोर सागवानी वाडे. वाडे वाचले. डोळाही वाचला, पण नजर अधू झाली. मला तो काहीच बोलला नाही.

त्या रात्री गोडे पुन्हा काढून वाचले. कोट्यात शहराबाहेर, पुण्यात पर्वतीखाली, म्हणजे तेव्हाच्या वस्तीपासून दूर. 'शहराबाहेर' हा शब्द मी दरवर्षी उच्चारत होतो, पण त्यावर कधी थांबलो नव्हतो.

सरकारी नियमही शेवटी अंतराचेच. २००८च्या नियमांप्रमाणे फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांत किमान तीन मीटर अंतर हवे, ती समोरासमोर नकोत, एका जागी पन्नासांहून जास्त नकोत. आणि २९ ऑक्टोबर २०१६ला औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून अधिक दुकाने भरदिवसा जळाली!

काल नातवाचा पुन्हा फोन. "भुईनळा पेटलाच नाही तर?"

"जवळ जायचे नाही. थोडे थांबून लांबूनच बादलीभर पाणी ओतायचे."

"बरं. आता लंकेचं सांगा ना."

सांगितले. 'शहराबाहेर' मात्र दोनदा म्हटले.