उंदीर पडले नाहीत म्हणून

घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हा रिवाज महाराष्ट्रात १८९६ च्या प्लेगनंतर काही वर्षांतच रुळला. माणसे धान्य, भांडीकुंडी, गुरे घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत आणि साथ ओसरल्यावरच परतत. हा शहाणपणा अनुभवातून आलेला होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ते पक्के केले. मात्र प्लेग आला की उंदीर मरणारच, हे या रिवाजात गृहीत होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेतल्या प्लेगची धास्ती दिल्लीत पोचली आणि संशयित रुग्ण किंग्सवे कॅम्पच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात दाखल होऊ लागले, तेव्हा हा प्लेग आहे का अशी शंका घेणाऱ्यांचा आधार हेच गृहीत होते. बीड जिल्ह्यातल्या मामल्यात उंदीर पडले होते, पण सुरतेत आणि दिल्लीत तसे उंदीर पडताना दिसत नव्हते. मग हा प्लेग कसला? हँटा विषाणूचेही नाव तेव्हा घेतले गेले. या साथीची चौकशी करणाऱ्या रामलिंगस्वामी समितीने शेवटी प्लेगवरच बोट ठेवले. माझ्या मते मेलेल्या उंदरांवर विसंबणारा हा युक्तिवाद मुंबईने कितीतरी आधी निकालात काढला होता.

आयोगाने मुंबईच्या आणि मद्रासच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचून पाहिले. मद्रासमध्ये प्लेगने फारसे ठाण मांडले नव्हते. तिथले उंदीर झपाट्याने मेले. वर्षानुवर्षे प्लेग भोगलेल्या मुंबईचे उंदीर मात्र मोठ्या संख्येने तगले. यावर एक आक्षेप रास्त आहे. ही ताकद आईकडून आलेली, तात्पुरती असू शकेल. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे बहुतांशी गर्भातच मिळतात, पण उंदराच्या पिलाला त्यांचा मोठा वाटा जन्मानंतर दुधातून मिळतो आणि त्याचे आतडे साधारण तीन आठवडेच ती शोषून घेते. पुढे ती विरत जातात. म्हणूनच हे स्पष्टीकरण पिलांना लागू पडते, पूर्ण वाढलेल्या उंदरांना नाही. प्रौढ उंदीर तगतो तो आजार भोगून बरा झाल्यामुळे, किंवा नाजूक उंदीर मरून गेल्यावर उरलेल्या चिवट उंदरांचा वंशज असल्यामुळे. कारण कोणतेही असो, अशा शहरात रोग फिरत असूनही उंदीर पडतीलच असे नाही.

तरीही आईकडच्या प्रतिपिंडांचा मुद्दा बाजूला सारता येत नाही. प्लेग जंतूंचा, विषाणूंचा हिशेब वेगळा, असे कोणी म्हणेल. पण फिनलंडमधल्या व्होल या रानउंदरांवर पुमाला या हँटा विषाणूचा अभ्यास झाला, त्यात हाच धागा दिसतो. विषाणू होऊन गेलेल्या माद्यांची पिले अडीच महिन्यांच्या आसपास सुरक्षित राहतात, मग ते कवच गळते आणि ती संसर्गाला मोकळी होतात. विणीच्या हंगामात अशी पिले पुष्कळ असली की साथ मंदावते, पण टळत नाही. पुढे ढकलली जाते. उंदरांच्या रक्ताच्या तपासणीसाठी याचा अर्थ नेमका आहे. लहान पिलाच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली तर ती त्याच्या आईचा इतिहास सांगत असतील. त्या पिलाला संसर्ग झाला असे त्यावरून ठरत नाही, आणि आता कवच गळालेल्या पिलांच्या रक्तात प्रतिपिंडे नाहीत म्हणून परिसर सुरक्षित ठरत नाही.

दिल्लीच्या गोदामांत काळा उंदीर आहे, हरियाणा-उत्तर प्रदेशाकडच्या शेतांत टॅटेरा इंडिका हा रानउंदीर आहे आणि नोएडा-गुरुग्रामच्या वाढत्या वस्त्या या दोघांच्या मधोमध उभ्या राहत आहेत. इथे उंदीर पकडून रक्त तपासणाऱ्या प्रत्येक पथकाने नमुन्यासोबत त्या प्राण्याचे वजन, वय आणि पकडल्याचा महिना नोंदवलाच पाहिजे. या नोंदींवाचून त्या तपासणीवर विसंबू नये.