हरलेल्या माणसाच्या हातात ब्रश आणि पेन

२०२४ साल महाराष्ट्राला दोनदा धक्का देऊन गेलं. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा एका बाजूच्या घरांतले टीव्ही लवकर बंद झाले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या घरांतले. सहा महिन्यांच्या आत दोन्हीकडच्या लोकांनी तेच रिकामपण अनुभवलं. बातम्या नकोशा होतात, फॅमिली ग्रुप म्यूट होतो आणि माणूस दुसरीकडे वळतो. कुणी गाण्यांकडे, कुणी चित्रांकडे, कुणी इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांकडे.

हे वळणं म्हणजे शहाणपण की पळ काढणं? निवडणूक हरल्यावर कला आणि इतिहास या दोन्हींचा आसरा घेतलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्यांची गोष्ट या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं देते.

८ मे १९४५ला युरोपातलं युद्ध संपलं. ५ जुलैला ब्रिटनमध्ये मतदान झालं, पण परदेशी असलेल्या सैनिकांची मतं पोचायची असल्याने निकाल लागला थेट २६ जुलैला. मधल्या काळात चर्चिल पॉट्सडॅमला स्टालिन आणि ट्रुमन यांच्याशी वाटाघाटी करत होते. विरोधी नेते अ‍ॅटली यांनाही त्यांनी सोबत नेलं होतं. निकालासाठी दोघेही लंडनला आले. पंतप्रधान म्हणून पॉट्सडॅमला परतले ते मात्र अ‍ॅटली. ६४० पैकी ३९३ जागा लेबर पक्षाला मिळाल्या होत्या.

युद्ध जिंकून देणाऱ्या माणसाला लोकांनी अडीच महिन्यांत घरी बसवलं. लोक कृतघ्न होते असं नाही. तिशीच्या दशकातली बेकारी ते विसरले नव्हते. त्यांना घरं, नोकऱ्या आणि आजारपणात आधार हवा होता. १९४२च्या बेव्हरिज अहवालाने तशी आशाही दाखवली होती. चर्चिल मात्र प्रचारात रेडिओवरून सांगत होते की समाजवाद्यांना राज्य चालवायला गेस्टापोसारखं काहीतरी लागेल. समोरच्या बाकावर बसणारे अ‍ॅटली पाच वर्षं त्यांच्याच युद्धकाळातल्या सरकारात होते. लोकांना हे पटणं अवघड होतं.

सप्टेंबरमध्ये सत्तर वर्षांचे चर्चिल इटलीतल्या कोमो तळ्याकाठी गेले आणि चित्रं काढत बसले. ही त्यांची जुनी सवय. १९१५मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेवरून नौदलाचं मंत्रिपद गेलं, तेव्हा चाळिशीत त्यांनी पहिल्यांदा ब्रश हातात घेतला. कोऱ्या कॅनव्हासवर वाटाण्याएवढा निळा ठिपका लावून ते घाबरून थांबले होते. तेवढ्यात हेझल लेव्हरी ही चित्रकार मैत्रीण आली, तिने मोठा ब्रश घेऊन कॅनव्हासवर सपासप फटकारे मारले आणि त्यांची भीती मोडली. पुढे १९२२मध्ये डंडीची जागा हरल्यावर ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर काही महिने राहिले. तिथेही चित्रं आणि लेखन. सत्तेत असताना मात्र हे सुटायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या सगळ्या काळात त्यांनी एकच चित्र काढलं, १९४३मध्ये माराकेशच्या मशिदीच्या मनोऱ्याचं. ते त्यांनी रूझवेल्टना भेट दिलं.

चित्र काढताना माणसाला समोर बघावंच लागतं. पाणी खरंच निळं आहे का? सावली काळी आहे की जांभळी? ऊन सरकतंय, हात चालवायला हवा. मतदारांनी असं का केलं, हा प्रश्न तेवढा वेळ डोक्यात शिरत नाही. तळ्याने कुणाला मत दिलेलं नसतं. म्हणून हा आसरा प्रामाणिक आहे. तो कुणाचं नुकसान करत नाही.

पेनाची गोष्ट वेगळी. १९४८पासून चर्चिल यांचा दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सहा खंडांत आला. हाताशी सहायकांची फौज होती, सरकारी कागद वापरायची मुभा होती. भूतकाळाचा निवाडा इतिहासावर सोडावा, विशेषतः तो इतिहास आपण स्वतःच लिहिणार असल्यामुळे, असं त्यांनी १९४८च्या जानेवारीत संसदेत हसत हसत सांगून टाकलं होतं. १९५१मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, १९५३मध्ये साहित्याचं नोबेलही मिळालं. हरलेल्या माणसाने यापेक्षा मोठं काय कमवायचं?

आता तो इतिहास आपल्या बाजूने वाचू. जगातल्या कुठल्याही मोठ्या लोकसमूहापेक्षा हिंदुस्थानातले लोक युद्धाच्या झळांपासून जास्त सुरक्षित राहिले, असं चर्चिल चौथ्या खंडात लिहितात. त्याच युद्धाच्या मध्यावर, १९४३मध्ये, बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली. ब्रह्मदेश पडल्याने तांदूळ थांबला होता, मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपलं होतं, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने होड्या ताब्यात घेतल्या होत्या, भाव आभाळाला भिडले होते आणि लंडनचं मंत्रिमंडळ धान्यासाठी पुरेशी जहाजं द्यायला तयार नव्हतं. यातल्या कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. चर्चिल यांच्या सहा खंडांत मात्र या दुष्काळाला जवळजवळ जागाच नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सिस्टिम बंद पडली की कारणांचा अहवाल लिहितात. ज्याचा निर्णय तपासायचा, त्यानेच एकट्याने तो लिहिला आणि कुठल्या नोंदी दाखवायच्या हेही त्यानेच ठरवलं, तर अहवाल वाचायला छान होतो, पण बिघाड सापडत नाही.

त्या गाळलेल्या पानांवर काय होतं, ते एका चित्रकाराने नोंदवून ठेवलं होतं. चित्तप्रसाद हे कम्युनिस्ट पक्षाचे तरुण कार्यकर्ते. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये ते मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरले आणि दिसेल ते शाईने रेखाटत गेले. हाडांचे सापळे झालेली माणसं, ओस घरं. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली. इंग्रज सरकारने तिच्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे सुमारे पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये जपली आणि तिच्यावरून २०११मध्ये पुस्तिका पुन्हा छापली गेली. चित्तप्रसाद १९४६नंतर मुंबईत राहिले, अंधेरीला.

म्हणजे कलेकडे वळणारेही दोन जण आणि दोघांची गरज निराळी. एकाला काही काळ विसरायचं होतं, दुसऱ्याला कुणी विसरू नये असं वाटत होतं. निकालानंतर पहिली गरज कुणालाही वाटू शकते. आठवडाभर चित्रं बघा, गाणी ऐका, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इतिहासाकडे जाताना मात्र आपण काय शोधायला निघालोय हे तपासावं. “आपलंच बरोबर होतं, लोकांनाच कळलं नाही” याचा पुरावा हवा असेल, तर तो नक्की सापडतो. सहा खंड भरतील इतका. त्यापेक्षा ज्यांनी आपल्या विरोधात मत दिलं त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, हे वाचलं तर पुढच्या वेळी उपयोग होईल. २६ जुलै १९४५चा निकाल चर्चिल यांच्यासाठी दुःखाचा होता. त्याच निकालाने सत्तेवर आलेल्या अ‍ॅटलींनी १९४७च्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सोडण्याची मुदत जाहीर केली.