ताटली उलटी करून बघा

कामानिमित्त मी तीन महिने फ्रान्समधल्या रेन शहरात होतो. शनिवार-रविवार मोकळे असायचे, म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारात जायची सवय लागली. आपल्या चोरबाजारासारखाच प्रकार, फक्त आरडाओरडा कमी. एका टेबलावर एक पांढरी ताटली दिसली. मधोमध ढगळ विजार आणि मोठी टोपी घातलेला शेतकरी, कडेनं निळी-पिवळी फुलं. सगळं हातानं रंगवलेलं. मी मोबाइल काढून फोटो घेतला. टेबलामागच्या आजीबाईंनी माझ्या हातून ताटली घेतली, उलटी केली आणि पाठीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. फोटो काढायचा तर इथला काढ, असा अर्थ.

कडेचा टवका उडालेला होता म्हणून ती स्वस्तात मिळाली. पुढचे कित्येक आठवडे मी त्या अक्षरांच्या मागे लागलो होतो. त्यातून शेवटी पोचलो कुठे, तर नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याला, आमच्या पाडायला काढलेल्या घरात.

ही ताटली कँपेरची. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, त्यातलं ओदे नदीकाठचं हे गाव. गावाच्या लोकमारिया या भागात १६९० मध्ये दक्षिण फ्रान्समधून आलेल्या बूस्के नावाच्या कारागिरानं भट्टी लावली. पुढच्या पिढ्यांमध्ये या घराण्याशी नव्हेर आणि रुआँ या दोन गावांतले कुंभार लग्नसंबंधांनी जोडले गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची नक्षीही आली. म्हणजे आज जी 'अस्सल कँपेरची' म्हणून विकली जाते, त्या नक्षीत सून-जावयांनी आणलेला ऐवज बराच आहे.

या भांड्यांना फ्रेंचमध्ये फायान्स म्हणतात. आपण अशा सगळ्यालाच चिनी माती म्हणून मोकळे होतो, पण ही चिनी माती नाही. आत साधी माती असते आणि वर कथलाच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. ही युक्ती नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी काढली. चीनहून येणारी पांढरी भांडी त्यांना हवी होती, पण तशी माती जवळ नव्हती. तिथून स्पेन, इटली करत ती फ्रान्सला पोचली.

रंगवण्याची रीत मला फार आवडली. एकदा भाजलेलं भांडं लेपात बुडवून काढतात. तो सुकला की वर पिठासारखा थर राहतो आणि त्या पिठावर चित्र काढायचं. कुंचला टेकवला की थर रंग शोषून घेतो. खोडता येत नाही, पुसता येत नाही. आमच्या कामात चूक झाली की मागची आवृत्ती परत आणता येते, इथे तशी सोय नाही. म्हणून कँपेरच्या फुलाची पाकळी म्हणजे कुंचल्याचा एकच फटकारा. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा. मग भांडं पुन्हा भट्टीत.

सुरुवातीची जवळजवळ दोनशे वर्षं ही रोजच्या वापरातली भांडी होती. मग १८६३ मध्ये कँपेरला रेल्वे आली. गाडीतून पॅरिसचे हौशी प्रवासी उतरू लागले. त्यांना समुद्र बघायचा होता आणि 'जुन्या काळात राहणारी' माणसंही. साधारण १८७० नंतर ताटल्यांच्या मधोमध तो शेतकरी आणि पांढरी टोपी घातलेली त्याची बायको दिसू लागली. 'छोटा ब्रेटन' हेच त्याचं नाव पडलं. ताटली जेवणाच्या टेबलावरून भिंतीवर गेली.

त्याच काळात ब्रिटनीच्या शाळांमध्ये मुलं ब्रेटन भाषेत बोलताना सापडली तर त्यांच्या गळ्यात एक वस्तू अडकवत. ती दुसऱ्या कुणाला तसं बोलताना पकडून देईपर्यंत गळ्यात वागवायची. बापाचं चित्र ताटलीवर आणि पोराच्या गळ्यात त्याच बापाची भाषा बोलल्याची शिक्षा. हे वाचलं आणि मला आमचा वर्ग आठवला. कुणी मावची बोललं की आम्ही बाकीचे हसायचो. मीही हसलो आहे.

आता पाठीवरच्या अक्षरांकडे. कँपेरमध्ये एकाच वेळी दोन-तीन कारखाने जवळपास सारखाच माल करत होते. आपला माल ओळखू यावा म्हणून त्यांनी पाठीवर सह्या घालायला सुरुवात केली. सगळ्यात जुना कारखाना 'एचबी' लिहायचा. शेजारचे आँरियो 'एचआर' लिहू लागले. दोन्ही खुणा इतक्या सारख्या दिसत की भांडण कोर्टात गेलं आणि १९२२ पासून आँरियोंना पूर्ण नाव लिहावं लागलं. त्याआधी अमेरिकेनं १८९० मध्ये जकातीचा कायदा केला होता. आयात मालावर देशाचं नाव हवंच, म्हणून पुढे पाठीवर 'फ्रान्स' हा शब्दही येऊ लागला.

त्यामुळे आज एखादा संग्राहक ताटली उलटी करतो आणि अंदाज बांधतो. नुसतं एचआर असेल तर १९२२ च्या आधीची. देशाचं नाव असेल तर बहुधा १८९१ च्या नंतरची. यातलं काहीही संग्राहकांसाठी केलेलं नव्हतं. एक होती शेजाऱ्यांची कटकट, दुसरी कस्टमची अट. पण त्या नोंदी राहिल्या आणि शंभर वर्षांनी त्यांचाच इतिहास झाला. आम्ही याला मेटाडेटा म्हणतो. फोटो म्हणजे डेटा. तो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला, हा मेटाडेटा. तो गेला की लाखभर फोटो असूनही हाती ढीगच उरतो.

लाकडी सामानाच्या नशिबी अशा सह्या नव्हत्या. ब्रिटनीच्या शेतकऱ्यांच्या घरात 'ली-क्लो' असायचा, म्हणजे कपाटासारखा दरवाजे असलेला लाकडी पलंग. सगळं घर एका खोलीत, त्यामुळे थंडीपासून आणि चारचौघांच्या नजरेपासून तेवढाच आडोसा. दरवाजांवर कोरीवकाम. विसाव्या शतकात घरं बदलली आणि व्यापारी गावोगाव फिरून हे पलंग उचलू लागले. किती तरी पलंगांचे दरवाजे कापून त्यांची टीव्हीची कपाटं झाली. दुकानात त्यावर लिहिलेलं असतं, 'ग्रामीण शैली'. गावाचं नाव नाही, घराचं नाही, सुताराचं तर नाहीच.

मी परत आलो तेव्हा आमच्या खांडबाऱ्याच्या घरात नेमकं हेच होऊन गेलं होतं.

खांडबारा सुरत-भुसावळ मार्गावरचं छोटं स्टेशन. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेनं हा मार्ग टाकला. सुरतेकडे निघालं की पुढे नवापूर लागतं, जिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्यापलीकडे डांग. तिथल्या सागासाठी इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले होते. आमच्या भागातल्या जुन्या घरांत साग सगळीकडे दिसतो, खांबांना, तुळयांना, दारांना.

आमच्या माजघरात सागाचं एक फडताळ होतं. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या, खाली पितळी डबे, आणि सगळ्यात खाली आजीचं खापर. ज्यांनी खानदेश पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. हातावर झुलवत मोठी केलेली पुरणपोळी त्याच्या पाठीवर टाकायची. अक्षयतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, त्याच्याशिवाय पान हलत नसे.

घर पाडायचं ठरलं तेव्हा एक व्यापारी येऊन फडताळ, दोन दारं आणि बंगईच्या कड्या घेऊन गेला. भाव कमी दिला की जास्त, यावर घरात अजून वाद चालतो. माझा प्रश्न वेगळा होता. मी आईला विचारलं, "फडताळ कोणी केलं होतं गं?"

"तुझ्या पणजोबांच्या वेळचं."

"हो, पण केलं कोणी?"

"सुतारानं."

एवढाच मेटाडेटा. ते फडताळ आता कुठल्या तरी हॉटेलात 'ग्रामीण शैली' म्हणून उभं असेल.

हा विसरभोळेपणा आपल्या एका घरापुरता नाही. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग उभा केला. सिंधमधली झिलईची जुनी परंपरा त्यासाठी मुंबईत आणली. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते. ती वेलबुट्टी आणि त्या आकृती लवकरच फुलदाण्यांवर उतरल्या. पुढे टेरींनी 'वंडरलँड आर्ट पॉटरी' नावानं स्वतःचा कारखाना काढला. हातानं रंगवलेली ही 'बॉम्बे पॉटरी' लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि संग्राहक आजही ती शोधतात. पण बहुतेक भांड्यांची ओळख शाळेच्या किंवा टेरींच्या नावानं होते. कुंचला ज्याच्या हातात होता, त्याचं नाव क्वचितच सापडतं.

असं असताना एका माणसानं नेमक्या घरगुती वस्तू उचलल्या. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहिणारे. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहाला सुरुवात केली आणि पुढची काही दशकं गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, नक्षीची दारं गोळा केली. मुलगा राजा लहानपणीच गेला, संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. १९६२ मध्ये संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. पुण्यात इतकी वर्षं नोकरी करून मी तिथे पहिल्यांदा गेलो ते फडताळ गेल्यावर. अडकित्त्यांसमोर उभा राहिलो आणि हात आपोआप त्यांची मागची बाजू बघायला गेला. मध्ये काच होती.

केळकरांनी या वस्तू उचलल्या नसत्या तर त्यातल्या बऱ्याच भंगारात वितळल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. पण म्हणून सगळंच उचलून काचेमागे ठेवावं का? आमच्याकडे देवाला मातीचे घोडे वाहतात. कुंभाराकडून आणलेला घोडा नवस फेडून देवस्थानी झाडाखाली ठेवला की त्याचं काम झालं. मग तो पावसात भिजतो, फुटतो, मातीत जातो. शेजारी नवा येतो. असा घोडा कोणी 'जपायला' म्हणून घरी आणला तर ती चोरीच.

यातून वाट काढणारा माणूस आमच्या शेजारच्याच तापी जिल्ह्यातला निघाला. वालोडला जन्मलेले चित्रकार हकु शाह. गुजरातच्या आदिवासी भागात फिरून त्यांनी या नवसाच्या मातीकामावर अभ्यास केला आणि १९८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. घोडा झाडाखालीच राहून फुटला तरी त्याची नोंद उरते, हे मला त्यांच्या कामातून कळलं. वस्तू ठेवायची की जाऊ द्यायची, हा प्रश्न दर वेळी वेगळा सुटेल. ती कोणी केली, कुठे केली, कशासाठी केली, हे लिहून ठेवायला मात्र कधीच कुणाची हरकत नसते.

म्हणून गेल्या आखाजीला मी वही घेऊन बसलो. व्यापाऱ्यानं खापर नेलं नव्हतं, मातीला कोण विचारतो. आईला म्हटलं, एकेका वस्तूचं सांग. ती आधी हसली, मग दोन तास बोलली. मोठी बरणी तिच्या आईनं लग्नात दिलेली. पाटा कितव्यांदा टाकी लावून घेतला ते तिला पाठ. गेलेल्या फडताळाचीही नोंद केली. उंची तिच्या खांद्याएवढी, डाव्या दारावर लहान मामानं खिळ्यानं कोरलेला रेल्वेचा डबा. तो मी लहानपणी रोज बघायचो आणि साफ विसरलो होतो.

खापराशी येऊन गाडी अडली. "ती कुंभारीण यायची ना डोक्यावर टोपली घेऊन," आई म्हणाली. "तुझ्या आजीशी गप्पा मारत बसायची. चहा घेतल्याशिवाय जायची नाही."

"नाव काय तिचं?"

आई बराच वेळ आठवत राहिली. "आम्ही सगळे कुंभारीण काकूच म्हणायचो रे."

मी खापर उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला, काजळीखाली, कडेजवळ बोटांचे चार ठसे आहेत. माती ओली असताना उमटलेले, बारीक बोटांचे. त्यांचा फोटो काढला. वहीत नावाची जागा रिकामी ठेवली आहे. काकूंचा मुलगा अजून गावात असतो, असं आई म्हणते. पुढच्या खेपेला त्याच्याकडे जायचं आहे.