क्ष-किरणांना न दिसणारी सूज

इ. स. १८९५ च्या डिसेंबरात व्ह्युर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे क्ष-किरणचित्र घेतले. हाडे व अंगठी ठळक उमटली. मांस पुसट छायेसारखेच राहिले. ज्या संधिवातास गॅरड या इंग्रज वैद्याने १८५९ साली ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले, त्याच्या निदानात पुढे हीच मर्यादा आडवी आली. हा रोग प्रथम सांध्याच्या मऊ अस्तरात शिरतो. हाड कुरतडतो ते मागाहून. तो स्त्रियांना अधिक गाठतो, आणि चित्रात पुरावा उमटेपर्यंत कित्येकींची बोटे वाकू लागलेली असत. तरीही १९८७ च्या अमेरिकन निकषांत हाडाची झीज हे रोगाचे एक लक्षण म्हणून गणले गेले. घर लुटल्यावर चोराची ओळख पटावी, तसे हे!

सोनोग्राफीत अस्तराची सूज दिसते, डॉप्लर तंत्राने तेथील वाढता रक्तप्रवाहही. एमआरआय तर झिजेपूर्वीच हाडाच्या आतील सूज दाखवितो. २०१० साली अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांनी केलेल्या नव्या निकषांच्या गुणांतून झीज वगळली गेली आणि सांध्यांची सूज पडताळण्यास या यंत्रांची साक्ष ग्राह्य ठरली. मात्र निदान एका सांध्याची सूज डॉक्टरांच्या तपासणीत आढळलीच पाहिजे, ही अट त्यांनी ठेवली.