उष्ण शहरांतील बर्फाचे खेळ

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. ज्या अहमदनगर जिल्ह्याचें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याचें नांव दुष्काळाशीं कायमचें जोडलें गेलें आहे, तेथील एका निवृत्त शाळामास्तरानें बर्फावरील खेळांविषयीं काय म्हणून बोलावें? आमच्याकडे आकाशांतून बर्फ येतो तो गारांच्या रूपानें, आणि त्यानें कांद्याची व द्राक्षांची धूळधाण होते. परंतु ऑगस्ट २०२५ मध्यें, ऐन पावसाळ्यांत, देहरादून येथें बर्फावरील स्केटिंगच्या शर्यतींची आशियाई स्पर्धा पार पडली. देहरादून समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर आहे. आमच्या नगरची उंचीहि जवळजवळ तितकीच. तेव्हां उष्ण हवेच्या शहरांत हिंवाळी खेळ यशस्वी रीतीनें भरवितां येतील काय, हा प्रश्न आतां थट्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाहीं.

उष्ण देशांत बर्फ प्रथम आला तो जिभेचे चोचले पुरविण्यासाठीं. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्यास पाठविला. निघतांना तो सुमारें १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक उतरला, आणि तेवढ्यावरहि व्यापार किफायतीचा ठरला. पुढच्याच वर्षीं हा बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, पाहुण्यांना नि यजमानांना सर्दी झाली, आणि एका वर्तमानपत्रानें ‘बरी अद्दल घडली’ असा शेरा मारला, अशी हकीकत सांगतात. पुढें मुंबईंत लोकवर्गणींतून बर्फघर उभें राहिलें. मद्रासचें बर्फघर तर आजहि उभें आहे; परदेशांतून परतल्यावर १८९७ मध्यें स्वामी विवेकानंद तेथें उतरले होते, म्हणून तें आतां त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

यंत्रानें बर्फ करतां येऊं लागला तेव्हां हा समुद्रापलीकडचा व्यापार बुडाला, आणि खेळांचा मार्ग मोकळा झाला. १८७६ मध्यें लंडनच्या चेल्सी भागांत जॉन गॅम्जी यानें ‘ग्लेशिअरियम’ उघडलें. जमिनींत नळ्या पसरून त्यांतून अतिथंड द्रव खेळवावयाचा व वरील पाणी गोठवावयाचें, ही त्याची युक्ति. आजच्या रिंकमध्यें यंत्रें सुधारलीं आहेत, परंतु तत्त्व तेंच आहे. ह्या युक्तीमुळें १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें कलात्मक स्केटिंगचे सामने छपराखालीं होऊं शकले. ज्या ऑलिंपिकमध्यें पोहणें आणि धांवणें झालें, त्याच ऑलिंपिकमध्यें बर्फावर गिरक्याहि घेतल्या गेल्या, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बोलतांना आपण दोहोंसहि बर्फच म्हणतों. पण गोठविलेली लादी निराळी आणि डोंगरउतारावरील भुसभुशीत हिम निराळें. शाळामास्तराची खोड म्हणून थोडा हिशेब मांडतों. स्केटिंगचें मैदान साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद धरलें आणि त्यावर तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ घातला, तर पाणी लागेल सुमारें पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पांच टँकर. उन्हाळ्यांत आमच्या तालुक्यांतील लोकांनीं याहून किती तरी अधिक टँकरांची वाट पाहिलेली आहे. उलट एक किलोमीटर लांब, तीस मीटर रुंद अशा एकाच उतारावर अर्धा मीटर हिम पसरावयाचें म्हटलें, तर तें पंधरा हजार घनमीटर होतें. यंत्रानें केलेलें हिम पाण्याच्या निम्म्या वजनाचें धरलें, तरी पाऊण कोटि लिटर पाणी हवें. टँकर साडेसातशें! शिवाय तें हिम उघड्या हवेंत टिकावें लागतें. हिमाचे तुषार उडविणाऱ्या यंत्रांनाहि हवा शून्याच्या खालीं व कोरडी लागते. आमच्या पौषांतल्या थंडीनें त्यांचें भागणार नाहीं.

थंड मुलखांनाहि निसर्गानें कांहीं कमी रडविलेलें नाहीं. १९६४ मध्यें इन्सब्रुकला हिमच पडेना, तेव्हां ऑस्ट्रियाच्या सैनिकांनीं वरच्या डोंगरांतून बर्फाच्या विटा नि हिम वाहून आणलें. २०१० मध्यें व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर मालमोटारींनीं आणि हेलिकॉप्टरांनीं हिम आणावें लागलें. २०१४ च्या सोचीच्या किनाऱ्यावर ताडमाड डोलत होते. तेथें आदल्या हिंवाळ्याचें हिम झांकून राखून ठेवलें होतें. २०२२ मध्यें बीजिंगचे उतार तर जवळजवळ सर्वस्वीं यंत्राच्या हिमावर उभे राहिले. आपल्या गुलमर्गचे खेलो इंडियाचे सामने २०२५ मध्यें फेब्रुवारींत व्हावयाचे, ते हिमाअभावीं मार्चांत ढकलावे लागले. ज्या गांवीं हिम हाच धंदा, तेथेंहि ही स्थिति!

देहरादूनच्या त्या छपराखालच्या मैदानाची कथा मला सर्वांत बोधक वाटते. जानेवारी २०११ मध्यें पहिले दक्षिण आशियाई हिंवाळी खेळ झाले. हिमावरील सामने गढवालांतील औलीच्या उतारांवर झाले आणि लादीवरील देहरादूनला. सामने संपले, पाहुणे गेले, आणि विजेचा व देखभालीचा खर्च परवडेना म्हणून तें मैदान बंद पडलें. तें एक तपाहून अधिक काळ तसेंच राहिलें. नवीं यंत्रें आल्यावर २०२५ मध्यें तेथें पुनः स्पर्धा झाली. आतां कोणी म्हणेल कीं २०११ चे खेळ यशस्वी झाले. पदकें वांटलीं गेलीं, छायाचित्रें छापलीं गेलीं. मी तसें म्हणणार नाहीं. त्या बंद दारांआड बारा वर्षांत एकहि मूल स्केटिंग शिकलें नाहीं, आणि बारा वर्षें म्हणजे मुलाचें सारें बालपण.

आमच्या नगरवासीयांना ही कथा ओळखीची वाटावी. शहराबाहेर फराहबाग म्हणून निजामशाहीच्या काळचा महाल आहे. एकदां बांधलेला महाल मुर्तझा निजामशहास पसंत पडला नाहीं, म्हणून पाडून तो सलाबतखानाच्या देखरेखीखालीं पुनः बांधण्यांत आला व १५८३ च्या सुमारास पुरा झाला, असें इतिहासकार सांगतात. चहूंकडे पाणी, मधोमध उंच दालनें: उन्हाळ्याच्या ऐन तापांत गारवा निर्माण करण्याची ती योजना होती. त्या काळच्या कारागिरांनीं दूरच्या टेकड्यांपासून खापरी नळांनीं पाणी आणण्याची विद्या साधली होती. १६३६ मध्यें निजामशाही संपली. आज भिंती उभ्या आहेत आणि तळें कोरडें आहे. पाणी आणण्याची अक्कल नव्हती असें नव्हे. नळ दुरुस्त ठेवणारें कोणी उरलें नाहीं.

महाराष्ट्राच्या मुलांमुलींनीं खेलो इंडियाच्या हिंवाळी सामन्यांत स्केटिंगचीं पदकें मिळविलीं आहेत. त्यांतील पुष्कळ जण सिमेंटच्या मैदानावर, चाकांच्या स्केटवर तयार झालेले. बर्फाची संवय करावयास त्यांना उत्तरेकडे जावें लागतें. तें भाडें व मुक्कामाचा खर्च पालक सोसतात, म्हणजे ज्यांना सोसतो तेच सोसतात. मुंबईला गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्यें बर्फाचें एक मैदान होतें, पण तें करमणुकीचें, आणि तें उद्यानहि पुढें बंद झालें. म्हणून पुण्यास किंवा मुंबईस छपराखालीं एक पक्कें मैदान व्हावें, असें माझें मत आहे, आणि सामने भरवावयाचे ते त्यानंतर. हिमावरच्या घसरगुंड्यांचे सामने मात्र गुलमर्गलाच राहूं द्यावेत.

अशा मैदानाचा आराखडा पुढें आला, तर बांधकामाचा आंकडा शेवटीं वाचावा. त्याआधीं पावसाळ्यांतल्या दमट हवेंतील ओल काढून टाकण्याची काय सोय आहे, हें विचारावें; तिच्यावांचून लादीवर धुकें सांचतें. दहाव्या वर्षाचें विजेचें बिल कोणाच्या नांवें येणार, तेंहि विचारावें. आणि नगरच्या एखाद्या झेडपी शाळेंतील मुलीला तेथें आठवड्यांतून किती तास, कोणत्या फीनें उतरतां येईल, हें त्याच कागदावर लिहून घ्यावें.