मध्य विभागाचा मान

भोपाळच्या तुलसी नगरातील सरकारी क्वार्टरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक प्रश्न आयुष्यभर पुरला आहे : ‘‘आपण मूळचे कुठले?’’ नागपूर म्हणावे, तर 1956 साली राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग बिऱ्हाडही हलले. इंदूर वा ग्वाल्हेर म्हणावे, तर तेथेही पूर्वज होळकर-शिंद्यांच्या मागे दक्षिणेतूनच आलेले. या प्रश्नाचे एक उत्तर क्रीडांगणाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे हाताने चेंडू घेऊन धावण्याच्या त्यांच्या खेळात, विद्यापीठांचे गट असतात. त्यांस तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हंगाम संपला की प्रशिक्षक आणि पत्रकार त्या गटातील उत्तम खेळाडू स्थानवार निवडून मानाची यादी जाहीर करतात. हा संघ कधीच मैदानात उतरत नाही. तो कागदावरच राहतो. तरीही त्या यादीतील नाव खेळाडू जन्मभर मिरवतो. कारण चेंडू घेऊन धावणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण त्याला वाट मोकळी करून देणाऱ्या धिप्पाड गड्याची नोंद अशाच यादीत होते. खेळाडू कोणत्या गावचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. तो कोणत्या गटात खेळला, एवढेच पाहतात. गटांच्या सीमाही स्थिर नाहीत. 1896 साली मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापन केलेल्या ‘बिग टेन’ गटात 2024 पासून कॅलिफोर्नियातील विद्यापीठेही आहेत. नावात दहा असले तरी सभासद अठरा झाले आहेत!

आपल्याकडे असा मान कागदावर राहत नाही. निवडलेल्यांना प्रत्यक्ष खेळावे लागते. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा 1935-36 मध्ये सुरू झाली. पुढे विद्यापीठांतील निवडक खेळाडूंचे विभागीय संघ बांधून त्यांच्यासाठी विझी करंडक ठेवण्यात आला. महाविद्यालयीन मुलाला आपल्या विद्यापीठाच्या टोपीवरून विभागाच्या टोपीपर्यंत नेणारी ही पायरी होय. त्याहून वरची पायरी दुलीप करंडकाची. 1961-62 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा देशाचे पाच विभाग मानले गेले आणि विदर्भ व मध्य प्रदेश दोघेही ‘मध्य विभागा’त आले. हे आम्हांस विशेष वाटते. राज्यपुनर्रचनेने 1956 मध्ये विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात घातले. कित्येक घरांत एक भाऊ नागपुरास राहिला, दुसरा भोपाळास आला. राजकीय नकाशाने ज्यांची ताटातूट केली, त्यांच्या मुलांना क्रिकेटच्या नकाशाने एकाच संघाचे उमेदवार ठरविले.

असा मान मूळ गाव पाहून मिळत नाही, याचा पुरावा आणखी जुना आहे. चार वेळा रणजी करंडक जिंकणारा होळकर संघ आठवावा. त्याचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू नागपुरात जन्मलेले तेलुगुभाषक. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. 1948-49 च्या हंगामात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा करूनही त्यांना कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. यादीत नसलेले नावही कसे मोठे असते, हे त्यांनी दाखविले. आणि चंदू सरवटे तर 1920 साली सागरला जन्मलेले, म्हणजे आपल्यापैकीच. 1946 मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध शूट बॅनर्जी आणि त्यांनी शेवटच्या जोडीसाठी 249 धावा केल्या, त्यात दोघांचीही शतके होती. पुढे 1983 चा विश्वचषक जिंकणारा संघ ज्या समितीने निवडला, तीत सरवटे होते. सागरच्या मुलाने आधी निवड मिळविली आणि मग निवड करण्याचा अधिकारही.

विभागीय निवड निर्दोष होती, असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक निवडकर्ता आपल्या विभागाची बाजू ओढतो, हा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला आणि त्यात तथ्य होते. मान मोजक्यांना मिळतो, तेव्हा तितक्याच लायकीचा कोणी बाहेर राहतोच. तरीही ज्या मातीत घाम गाळला तीच आपली, हे तत्त्व त्याने खोटे ठरत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये बंगळूरला मध्य विभागाने दक्षिण विभागाला हरवून दुलीप करंडक जिंकला. अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडने 194 धावा केल्या आणि कर्णधार, इंदूरच्या रजत पाटीदारने 101. नागपूर आणि इंदूर पुन्हा एका धावफलकावर आले. यांपैकी कोणाचे मूळ गाव कोणते, हे त्या फलकावर नव्हते, तशी गरजही नव्हती. आपल्या नातवंडांना कोणी मूळ गाव विचारले, तर त्यांनी संकोचू नये. पणजोबांचे गाव अभिमानाने सांगावे, आणि पाठोपाठ सांगावे, ‘‘आम्ही मध्य विभागाचे.’’