हायड्रोजनसाठी धातू-सेंद्रिय जाळी

वजनाच्या मानाने हायड्रोजन पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा देतो. अडचण आहे ती साठवणुकीची. नेहमीच्या तापमानाला व दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. त्यामुळे मोटारीच्या टाकीत तो ७०० बार दाबाने कोंबावा लागतो.

यावर पर्याय म्हणून धातू-सेंद्रिय जाळ्यांकडे पाहिले जाते. ओमर याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एमओएफ-५'मध्ये जस्त व ऑक्सिजनचे पुंजके टेरेफ्थॅलिक आम्लाच्या (प्लॅस्टिकच्या बाटल्यांचाही हाच कच्चा माल!) दुव्यांनी जोडलेले असतात. अवघ्या दोन-तीन ग्रॅम पदार्थातील पोकळ्यांचा पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. हायड्रोजनचे रेणू या भिंतींना नुसते चिकटतात, त्यामुळे सहज सुटतातही. हाच गुण आणि हाच दोष. ही दुबळी पकड उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपासच उपयोगी पडते. शिवाय हवेतील ओलाव्याने 'एमओएफ-५'ची जाळी ढासळते.

याघी यांना सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉब्सन यांच्यासह २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खोलीच्या तापमानाला चालणारी टाकी मात्र त्यातून अद्याप साकारलेली नाही. पकड वाढविण्यासाठी पोकळीच्या भिंतीवर धातूचे अणू उघडे ठेवण्याचे प्रयोग संशोधक करीत आहेत.